न सुटलेल्या बोटीची बातमी होत नाही

परवा मुरबाडच्या नाक्यावर चहा घेत होतो. एका गुरुजींनी गाठलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, जुनी ओळख. म्हणाले, "भाऊ, या दिवाळीच्या सुट्टीत क्रूझचं बुकिंग केलंय. मुंबईहून सुटते, गोव्याला जाते, परत येते. आईला समुद्र दाखवायचाय. सत्तरीची झाली, बोटीत कधी बसली नाही. पण घरात सगळे घाबरवतायत, वादळाचे दिवस असतात म्हणून. तुम्ही पेपरवाले, काय ते सांगा."

मी विचारलं, बुकिंग करून देणारा काय म्हणाला?

"तो म्हणतो, पावसाळा संपला की समुद्र तळ्यासारखा. वादळबिदळ काही नसतं."

तिथे उभ्याउभ्या मी काहीतरी अर्धवट उत्तर दिलं. घरी आलो आणि ते उत्तर मलाच पटेना. मग जुनी कात्रणं काढली, पुस्तकं चाळली. जे हाती लागलं ते एकट्या गुरुजींना सांगण्यापेक्षा सगळ्यांसाठी लिहितोय. पोस्ट मोठी आहे. आवणी उरकली असेल तर निवांत वाचा.

आपल्या दोन तालुक्यांना समुद्र नाही. आपल्याकडे डोंगर, धरणं आणि नद्या. पण या गोष्टीची सुरुवात आपल्याच नदीच्या नावाने होते.

वैतरणा. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावते, आपल्या शहापूर तालुक्यातून वाहते, मोडकसागर भरते आणि पुढे पालघरकडून समुद्राला मिळते. या नावाची एक आगबोट होती, एस. एस. वैतरणा. मुंबईच्या शेफर्ड कंपनीची, 1885 साली स्कॉटलंडमध्ये बांधलेली. बोटीवर विजेचे दिवे होते. त्या काळात आपल्याकडे गावच्या गाव दिवली-पणतीवर होतं, त्यामुळे रात्री लखलखत जाणारी बोट ही मोठी नवलाई. कच्छ-काठेवाडच्या लोकांनी तिचं नावच ‘वीजळी’ ठेवलं. गुजरातीत आजही तिच्यावर गाणी आहेत, कादंबरी आहे.

8 नोव्हेंबर 1888. तिथी कार्तिक शुद्ध पंचमी, म्हणजे दिवाळी होऊन चार-पाच दिवस झालेले. दुपारी ही बोट कच्छच्या मांडवी बंदरातून मुंबईसाठी सुटली, तेव्हा वर 520 प्रवासी होते. द्वारकेला आणखी चढले आणि आकडा 703 वर गेला. खलाशी वेगळे. त्यात लग्नाची वऱ्हाडं होती, मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली पोरं होती. पोरबंदरला हवा खराब म्हणून बोट थांबली नाही, सरळ मुंबईची वाट धरली. संध्याकाळी मांगरोळच्या किनाऱ्यावरून ती कोणीतरी पाहिली. रात्री चक्रीवादळ आलं. सकाळी बोट नाही.

नंतर शोधाला बोटी पाठवल्या. लाकडाचा तुकडा मिळाला नाही, एक प्रेत मिळालं नाही. सातशे चाळीसच्या वर माणसं गेली. टायटॅनिक बुडायला तेव्हा अजून चोवीस वर्षं होती. सरकारने चौकशी बसवली. बोटीवर पुरेशा जीवरक्षक होड्या नव्हत्या, जाकिटं नव्हती, असं त्यात निघालं.

वैतरणी म्हणजे मेल्यावर ओलांडायची नदी, हे आपल्याकडे आजीबाईसुद्धा सांगेल. नाव तेच. पण बोट नावामुळे बुडाली नाही. अंधश्रद्धेला इथे जागा नाही, कारण खरी कारणं समोर आहेत.

त्याच वर्षी आपल्या तालुक्यात काय चाललं होतं? तानसा धरणाचं काम. 1886 ला सुरू झालं, 1892 ला पुरं झालं. म्हणजे आपल्या रानात मुंबईला पाणी पाजण्यासाठी दगडावर दगड चढत होता, तेव्हाच आपल्या नदीचं नाव घेतलेली बोट मुंबईला यायला निघाली होती. दोन्ही गोष्टी एकाच वाढत्या शहरासाठी. मुंबईला पाणीही हवं होतं आणि माणसंही.

आता तारखेकडे बघा. नोव्हेंबर. पावसाळा संपलेला. बुकिंगवाला म्हणतो तसा ‘तळ्यासारखा’ समुद्र असायचे दिवस.

आणखी एक तारीख घ्या. 11 नोव्हेंबर 1927. या एकाच दिवशी आपल्या किनाऱ्यावर दोन प्रवासी बोटी वादळात बुडाल्या, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’. कोकणातल्या जुन्या माणसांना ही नावं माहीत असतात. मुंबईत गिरणीत, गोदीत राबणारा कोकणी माणूस बोटीनेच गावी जायचा. रस्ते नव्हते, कोकण रेल्वे यायला तर 1998 साल उजाडलं. बोट ही त्याची एस.टी. होती.

आणि 11 नोव्हेंबर 2009. बरोबर 82 वर्षांनी, त्याच तारखेला ‘फयान’ वादळ अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्याला लागलं. मी तेव्हा बातमीदारीत स्थिरावलो होतो. आपल्याकडे त्या दिवशी झोडणीला आलेलं भात भिजलं, खळ्यावरचे भारे काळे पडले, एवढीच आपली बातमी. कोकणातले मच्छीमार मात्र समुद्रात अडकले होते, काही परत आलेच नाहीत.

हे असं नोव्हेंबरमध्येच का होतं, ते सोप्या भाषेत सांगतो. चक्रीवादळाला समुद्राचं पाणी गरम लागतं, साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर. ते आपल्या अरबी समुद्रात वर्षातून दोनदा छान जुळून येतं. एकदा पावसाळ्याआधी, म्हणजे एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत. दुसऱ्यांदा पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. ऐन पावसाळ्यात खालचा वारा एका दिशेने आणि वरचा उलट्या दिशेने वाहतो. त्यामुळे वादळाचा मनोरा उभा राहायच्या आतच मोडतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये चक्रीवादळं फारशी होत नाहीत. पण याचा अर्थ तेव्हा समुद्र बरा असतो असा नाही. नैऋत्येचा वारा लाटांना चढवतच असतो. थोडक्यात, पावसाळ्यात समुद्र रोजच खवळलेला, आणि पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे तो एरवी शांत, पण एखाद्या दिवशी जीव घेणारा. दुसरा प्रकार जास्त फसवा.

पावसाळ्यातल्या समुद्राचं उदाहरण म्हणजे रामदास बोट. तिच्याबद्दल आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल.

17 जुलै 1947, गुरुवार. स्वातंत्र्याला 29 दिवस बाकी. आषाढ अमावास्या, म्हणजे आपली गटारी. आपल्याकडे गटारीला काय असतं ते मी सांगायला नको. मुंबईतला चाकरमानी कोंबडीसाठी, वड्यासाठी, घरच्या माणसांसाठी गावाकडे निघायचाच. सकाळी आठला रामदास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला सुटली. तास-दीड तासाचा प्रवास. बोटीवर जवळपास सातशे माणसं. बोट चांगली होती, 1936 साली इंग्लंडमध्ये नामांकित कारखान्यात बांधलेली. अर्ध्या तासात पावसाने गाठलं, वारा सुटला. काशाच्या खडकाजवळ एका बाजूने मोठ्या लाटा आदळल्या. घाबरून लोक दुसऱ्या बाजूला धावले. सगळा भार एकीकडे गेला आणि बोट कलंडली. साडेआठच्या सुमाराला सगळं संपलं होतं.

पुढचं ऐका. बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. म्हणजे मुंबईपासून पाच-सहा कोसांवर सहाशेच्या वर माणसं बुडाली आणि मुंबईला दुपारपर्यंत पत्ता नाही. बारक्या मुकादम नावाचा अलिबागकडचा एक पोरगा लाटांशी झुंजत मुंबईच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा शहराला कळलं. मांडवा-रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांना वाटेत माणसं तरंगताना दिसली. त्यांनी मासळी दर्यात फेकली आणि माणसं होडीत घेतली, असं सांगतात. जे वाचले त्यातले बरेच या कोळ्यांमुळे वाचले.

कोळी मात्र स्वतः त्या दिवसांत लांब दर्यात जात नाहीत. नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय बोट बाहेर काढायची नाही, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा कायदा. आज सरकारचीही 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते. त्यामागे माशांच्या विणीचा विचार आहे, तसाच माणसांच्या जिवाचाही आहे. रामदास सुटली तेव्हा नारळी पौर्णिमा बरीच लांब होती. पण शहराच्या घड्याळाला नारळ कळत नाही. सुट्टी आहे, सण आहे, लोक धक्क्यावर उभे आहेत, बोट सुटलीच पाहिजे.

रामदासनंतर नियम कडक झाले. प्रवासी बोटीवर बिनतारी यंत्र हवं, पावसाळ्यात फेऱ्या बंद. आज गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात. त्याची बातमी वाचून आपण म्हणतो, काय कटकट आहे. त्या कटकटीच्या मागे सहाशे माणसांची यादी आहे.

आता मुद्द्यावर येतो. वीजळीच्या वेळी हवामान खातं नव्हतं का? होतं. भारतीय हवामान खातं 1875 सालचं. पण समुद्रात गेलेल्या बोटीला निरोप द्यायची सोयच नव्हती. बिनतारी यंत्र जगात यायचं होतं. किनारा सुटला की कप्तान, खलाशी आणि देव.

आज तसं नाही. उपग्रह आहेत. वादळ तयार व्हायच्या आधी त्याचा अंदाज येतो. ते कुठे जाईल, कधी पोचेल, याचा नकाशा चार-पाच दिवस आधी आपल्या मोबाइलवर येतो. आकाशवाणीवर पूर्वी ऐकायचो, बंदरात तीन नंबरचा बावटा लावला आहे. त्याच बावट्याची ही पुढची पायरी.

तरीही माणसं मरतात. 17 मे 2021. तौक्ते वादळ मुंबईच्या बाजूने गुजरातकडे चाललं होतं. त्या दिवशी आमच्या घराच्या पडवीचे दोन पत्रे उडाले, शेजारच्या वाडीतला सगळा आंबा खाली. आम्ही दिवसभर लाइटची वाट बघत बसलो होतो. त्याच दिवशी मुंबईपासून दूर तेलविहिरींच्या भागात पी-305 नावाची बार्ज बुडाली. ही कामगारांच्या राहण्याची बार्ज. वर 261 माणसं. वादळाचा इशारा काही दिवस आधी आलेला होता. बार्ज बंदरात परतली नाही, तिथेच नांगर टाकून थांबली. वादळात नांगर तुटले. नौदलाने रात्रभर त्या लाटांमधून 186 माणसं जिवंत काढली. बाकीचे गेले.

म्हणजे 1888 ला निरोप पोचत नव्हता. 1947 ला निरोप द्यायचं यंत्र नव्हतं. 2021 ला निरोप पोचला होता. माझ्या मते या तिन्हीत सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट तिसरी आहे.

आता माझी एक गोष्ट कबूल करतो. बरीच वर्षं झाली. जुलैचा रविवार होता, माळशेजला मुंबई-कल्याणकडच्या गाड्यांची ही रांग. पोलिसांनी घाटाच्या खालीच गाड्या अडवल्या, धुकं आणि पाऊस जास्त आहे म्हणून परत पाठवायला लागले. लोक चिडलेले. लहान पोरं रडतायत, बायका म्हणतायत, अडीच तास गाडीत बसून आलो. आमच्या कणीस-भजीवाल्यांचा धंदा बुडालेला, तेही वैतागलेले. मी सगळ्यांच्या प्रतिक्रिया घेतल्या आणि जोरदार बातमी केली, पर्यटकांचा हिरमोड, प्रशासनाचा आडमुठेपणा वगैरे. बातमी चांगली लागली. फोन आले, शाबासकी मिळाली.

दोन दिवसांनी त्याच पट्ट्यात दरड आली. रस्ता रिकामा होता. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. त्याची बातमी मी चार ओळींची दिली, आतल्या पानावर. माझ्या डोक्यात तेव्हा या दोन बातम्या जोडल्याच गेल्या नाहीत. नंतर कधीतरी रात्री झोप येईना तेव्हा जोडल्या गेल्या.

आमच्या धंद्यातली ही खोट आहे. बुडालेल्या बोटीची बातमी पहिल्या पानावर येते. जी बोट कोणीतरी शहाण्या माणसाने सुटूच दिली नाही, तिची बातमी होत नाही. झालीच तर ‘प्रवाशांचे हाल’ अशी होते. ज्याने थांबवलं तो खलनायक होतो. मग पुढच्या वेळी तोही विचार करतो, कशाला शिव्या खा, जाऊ दे.

वीजळी थांबवायला पोरबंदरच्या गोऱ्या साहेबाने सांगितलं होतं आणि कप्तानाने ऐकलं नाही, अशी दंतकथा गुजरातेत आहे. पुढच्या अभ्यासकांना तिला पुरावा सापडला नाही. पण लोकांनी ती गोष्ट रचली, यातच बरंच काही आलं. कोणीतरी थांबवायला हवं होतं, ही लोकांची नंतरची बोच आहे. बोट सुटायच्या आधी धक्क्यावर उभ्या वऱ्हाडाला, परीक्षेच्या पोरांना कोणी थांबवलं असतं, तर त्यांनी त्याचे काय हाल केले असते ते आपल्याला माहीत आहे. माळशेजच्या पायथ्याशी मी ते पाहिलंय.

मग गुरुजींना उत्तर काय द्यायचं?

घाबरवायचं नाही. आजची मोठी क्रूझ म्हणजे वीजळी नव्हे आणि रामदासही नव्हे. चक्रीवादळ समुद्रावर साधारण तासाला 15-20 किलोमीटरने सरकतं. क्रूझ त्याच्या दुपटीने पळू शकते. इशारा चार दिवस आधी मिळतो. त्यामुळे शहाणा कप्तान वादळाच्या वाटेलाच जात नाही. तो रस्ता बदलतो, एखादं बंदर गाळतो, एक दिवस उशिरा निघतो किंवा फेरीच रद्द करतो. कंपन्यासुद्धा मोसम बघतात. 2018 च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली. 2021 च्या सप्टेंबरात मुंबईहून ‘कॉर्डेलिया’ सुरू झाली. 2023 च्या जूनमध्ये तीच कॉर्डेलिया आपला पश्चिम किनारा सोडून चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या करत होती.

तेव्हा गुरुजी, आईला जरूर न्या. सत्तर वर्षं जिने पाण्याच्या हंड्याशिवाय दुसरं पाणी पाहिलं नाही, तिला समुद्र दाखवायलाच हवा. फक्त चार गोष्टी करा.

एक, ‘वादळबिदळ काही नसतं’ असं सांगणाऱ्याला सांगा की नोव्हेंबर हा वादळाच्या मोसमातलाच महिना आहे. दरवर्षी येत नाही, पण येऊ शकतं.

दोन, पैसे भरायच्या आधी विचारा, फेरी रद्द झाली किंवा बंदर बदललं तर पैशांचं काय. तोंडी नको, लेखी घ्या. भरलेले असतील तर पावतीच्या मागचं बारीक अक्षर आजच वाचा.

तीन, निघायच्या आधी आठ दिवस हवामान खात्याचा अंदाज स्वतः बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा नकाशा नको, खात्याचा बघा. आणि बोटीवर चढल्यावर जाकीट कसं घालायचं ते दाखवतात, तेव्हा सेल्फी काढत बसू नका. आईला जाकीट घालून बघा.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कप्तान म्हणाला की आज गोवा नाही, तर भांडू नका. रांगेत उभे राहून पैसे परत मागा, तो तुमचा हक्क आहे. पण ‘चला, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांच्या घोळक्यात उभे राहू नका. रामदासच्या वेळी, वीजळीच्या वेळी धक्क्यावर नेमका तोच घोळका होता. त्यात वाईट माणसं नव्हती. सणाला घरी निघालेली, लग्नाला निघालेली, परीक्षेला निघालेली, आपल्यासारखीच माणसं होती.

हे सगळं काल फोनवर गुरुजींना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भाऊ, आई विचारत होती, बोट बंद पडली तर खाली उतरून ढकलायची का?" आम्ही दोघंही हसलो. मग म्हणाले, "पावती काढून बघतो आज."

माझ्याकडूनही एक सांगतो. यापुढे माळशेजला, भातसा-तानसाच्या धबधब्यांवर किंवा कुठेही लोकांना थांबवलं, तर बातमी करताना कोणाचा हिरमोड झाला ते लिहीनच, तो माझा धंदा आहे. पण कशासाठी थांबवलं होतं आणि नंतर तिथे काय झालं, हेही त्याच पानावर लिहीन. चार ओळींत उरकणार नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात रामदास बोटीची, किंवा एस.टी. यायच्या आधीच्या कोकणच्या बोटींची आठवण असेल, आजी-आजोबांनी सांगितलेली, तर खाली लिहा. शहापूर-मुरबाडला समुद्र नसला तरी आपली माणसं मुंबईत होती, सासर-माहेर कोकणात होतं. एखादी तरी गोष्ट निघेलच.